सिंथेसायझरमधला माग

भूतबित असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. सदरला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. आवाज कुठून येतो ते स्क्रू काढून दाखवणं हाच माझा धंदा. म्हणून तर हे लिहायला लाज वाटते... पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता चैन पडत नाही.

आम्ही विणकर. गोळीबार चौकाजवळच्या आमच्या घरात बाबांचा हातमाग होता. पंच्याऐंशी साली लकव्यानं त्यांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा मागावर अर्धी साडी होती. आमच्या घरी साडी अर्ध्यात कापत नाहीत. पण बाबांनीच चिडून ती कापायला लावली आणि माग विकून टाकला. त्या जागेवर माझा सिंथेसायझर आला. भाऊजींनी मस्कतहून आणलेला. मी तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो.

त्यात एक गंमत होती. दोन बटणं एकदम दाबली की ते यंत्र आपल्या मनानं कुठलाही आवाज बनवून द्यायचं. बहुतेक सगळा कचरा — कधी बेडूक, कधी शिट्टी. आवडला तर सेव्ह करायचा. एका दुपारी माझा हाच चाळा चालला होता. बटणं दाबली, एक पट्टी दाबून धरली आणि आवाज आला... खट, खट, खट. मध्येच एक खट जरा उशिरा.

बाजूच्या खाटेवर बाबा पडले होते. त्यांनी मान वळवली.

"कोण विणून राहिलं गा?"

"कोणी नाही बाबा, मशीन आहे."

"मशीन नाही. माहा हात आहे तो. उजवीकडून धोटा उशिरा येते, ऐक. अन् मी साडी सोडली होती ना, तिथूनच चालू आहे."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण लहानपणापासून मी याच आवाजात झोपलो होतो. आडवा धागा नेणारा तो धोटा, दुखऱ्या खांद्यामुळे बाबांकडे नेहमी उशिरानंच परतायचा.

मी तो आवाज सेव्ह करून ठेवला. सेव्ह केलेला आवाज दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो, हे शेंबडं पोरही सांगेल. हा होत नव्हता. पट्टी सोडली की थांबायचा, दुसऱ्या दिवशी दाबली की पुढे चालू. बाबा रोज हट्टानं लावायला सांगायचे. मग एके दिवशी लय एकदम संथ झाली.

"पदर लागला," बाबा म्हणाले. पदराची नक्षी हातानं भरावी लागते, तिथे हात धिमा पडतोच.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बंद कर गा ते. साडी पुरी होऊन उतरू नको देऊ."

"काहून?"

"साडी उतरली का विणणारा मागावरून उठते, कायमचा."

मी प्लग उपटला. खरं सांगतो, भयंकर घाबरलो होतो. यंत्र गुंडाळून माळ्यावर टाकलं. बाबा अधूनमधून म्हणतात, "लाव गा, थोडीच राहिली." मी ऐकलं न ऐकलं करतो.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. सर्किट उघडून पाहिलं, काही सापडलं नाही. आणि आता यंत्राची गरजही उरलेली नाही. गेल्या आठवड्यापासून बाबांचा लुळा हात झोपेत हलतो. जातो, येतो... येताना जरा उशिरा. अगदी संथ.

मी तो हात दोन्ही हातांनी धरून बसतो.