दत्तू पेंटरच्या चार पाट्या

लिहायला महिना लावला, माफ करा.

माझी बायको आज जिवंत आहे ती एका बोर्ड पेंटरमुळे.

तो पेंटर महिन्यापूर्वी गेला. आळेफाट्याचा दत्तू. हॉटेलांचे बोर्ड, गॅरेजच्या पाट्या, ट्रकच्या मागचं लिखाण, सगळं त्याच्या हातचं.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. एका बोटानं टाइप करतो. रोज लिहायचो आणि पुसायचो. आज मात्र थांबवत नाही, कारण दत्तूच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा, फोन चार दिवस लागत नाही. त्याबद्दल शेवटी लिहितो.

दत्तूशी ओळख झाली तेव्हा मी डिंगोऱ्याला पाण्याच्या पंपावर कामाला होतो. तपासणीला साहेब येणार होते म्हणून इंग्रजी पाट्या हव्या होत्या.

मला इंग्रजीतला एकच शब्द ठाऊक. विजेच्या डीपीवर कवटीखाली असतो तो. मी सांगितलं, सहा पाट्या कर, सगळ्यांवर डेंजर लिही.

दत्तूनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाना, तिथं पाणी हाय का बाँब?"

मी म्हणालो, विहीर आहे, स्टार्टर आहे, पायऱ्यांवर शेवाळ आहे. कोणाला काही झालं तर?

"पायरीवर घसरला तर काय व्हईल? पाय मुरगळंल. ते कॉशन. पिवळा रंग. विहिरीत वाकला तर जीव जाऊ शकतो. ते वॉर्निंग. नारिंगी. उघड्या वायरीला हात लावला तर जाणारच. ते डेंजर. लाल."

"आणि चपला बाहेर काढा, याला?"

"ती नोटीस. निळी. त्यात कोण मरत न्हाई."

दत्तू आधी चाकणला एका कंपनीत पाट्या रंगवायचा. तिथं शिकला होता हे.

मी तरी हट्ट सोडेना. सगळं लालच कर, म्हणजे लोक घाबरून राहतील.

"सगळीकडं लाल फासलं ना राव, की माणूस लाल बघायचंच सोडतो."

शेवटी सहा पाट्यांत एकच लाल झाली.

मी मुळात काळजीखोर माणूस. घरचे कंटाळतात. दत्तू कंटाळला नाही. फाट्याला गेलो की त्याच्या बाकड्यावर बसायचो आणि एकेक काळजी काढायचो. तो ब्रश चालवत चालवत उत्तर द्यायचा.

"नातू अवसरीला कॉलेजात आहे, दोन दिवस फोन उचलत नाही."

"परीक्षा असंल. नोटीस."

"माझा गुडघा कटकट वाजतो."

"कॉशन. हळू चाल."

"नातू हेल्मेट घालत नाही."

"हे वॉर्निंग. कानाखाली वाजव."

हसू नका. मला त्या रात्री झोप लागायची.

चार वर्षांपूर्वी थंडीत हिला घेऊन फाट्याला गेलो होतो. पंपाचा एक पार्ट आणायचा होता. ही बाकड्यावर बसली. मी नेहमीप्रमाणे सुरू झालो. मोटार गरम होते, बिबट्या उसात दिसला, जावई बोलत नाही.

ही म्हणाली, "भावजी, यांचं काय ऐकता? सकाळपास्नं हेच चाललंय."

सगळ्यात शेवटी मी म्हणालो, "आणि हिचा दात ठणकतोय. जबडा दुखतो. डावा हात पण जड झालाय म्हणते."

दत्तूचा ब्रश थांबला.

"वहिनी, थंडीत घाम कशाचा आलाय?"

"काय न्हाई हो. पित्त असंल."

त्यानं ब्रश डब्यावर आडवा टाकला.

"नाना, ऊठ. हे डेंजर हाय."

समोर एक पिकअप उभी होती, तिच्या मागे दत्तू लिहीत होता. ड्रायव्हर ओरडला, "अहो पेंटर, माझं हॉर्न प्लीज अर्धंच राहिलं!"

"अर्ध्यावर चालंल. गाडी चालू कर आधी!"

रंगाच्या हातांनीच त्यानं हिला उचलून आत बसवलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, अटॅक आहे, वेळेत आणलंत.

आयुष्यभर मी प्रत्येक गोष्टीला घाबरलो. ज्या गोष्टीला घाबरायचं, ती मी जावयाच्या खाली, शेवटच्या नंबरावर ठेवली होती. ती दत्तूला दिसली.

हिच्या साडीच्या खांद्यावर त्या दिवसाचा लाल रंग अजून आहे. टर्पेंटाइननंही गेला नाही. ही ती साडी टाकत नाही.

गुडघ्यामुळे अलीकडे माझं फाट्याला जाणं सुटलं होतं. दिवाळीनंतर दत्तूला फोन केला तेव्हा त्याचा आवाज बसलेला वाटला.

"काय रे, बरा आहेस ना?"

"खोकला हाय. नोटीस, नाना. निळी पाटी."

मी विश्वास ठेवला. दत्तूनं रंग सांगितला की मी पुढं विचारत नव्हतो.

दशक्रियेला त्याची मुलगी सुवर्णा म्हणाली, "काका, बाबांना सहा महिन्यांपूर्वीच कळलं होतं. फुफ्फुसाचं होतं. पण म्हणाले, नानाला सांगू नका, त्याला झोप लागायची न्हाई."

स्वतःची लाल पाटी त्यानं माझ्यासाठी निळी रंगवली.

आधी राग आला. मला भेटायला तरी मिळालं असतं. मग ही म्हणाली, "भावजींनी शेवटपर्यंत तुमच्या झोपेची काळजी केली, एवढं पुरे." आता राग नाही. सहा महिने मी निवांत झोपलो, ते त्याचं देणं.

दत्तू, तुझ्यामुळे माझ्या घरात अजून दोन कप चहा होतो. आम्ही दोघं तुला हात जोडतो. नीट जा.

आता सुवर्णा, हे तुझ्यासाठी. वहिनींना तू नाशिकला नेलंस. चार दिवस त्यांचा फोन बंद येतो. तुझा नंबर माझ्या जुन्या फोनबरोबर गेला. चार्जर हरवला असेल, नातवंडांनी फोन खेळायला घेतला असेल, असं ही म्हणते. असेलही.

पण याला कुठला रंग द्यायचा, हे मला ठरवता येत नाही. सांगणारा गेला.

ही पोस्ट दिसली की एक मेसेज कर, बेटा. नुसतं "निळी" एवढं लिहिलंस तरी चालेल.

फक्त ते खरं असू दे. आणि लवकर कळव.