मालकानं आणलेला कागद

"तू जनीची पोरगी ना? इकडून नको येऊ. मागून ये. पुढं पूजा मांडली हाय."

मालकीणबाई नव्या बंगल्याच्या दारात उभी. मी पायरीवर. अंगावर इस्त्रीची पांढरी साडी, हातात वास्तुशांतीची भेट. माझ्या पुढं असलेल्या, आमच्या कॉलेजातल्या राज्यशास्त्राच्या मॅडम आत गेल्या होत्या. माझ्यामागून आलेले मराठीचे सरही आत गेले. मी एकटी वळले.

मी मागं गेले. हे आधीच सांगून टाकते. कोणी ओढून नेलं नाही. माझ्या पायांनी गेले.

मागच्या अंगणात दुपारची पंगत नुकती उठली होती. मालकीणबाई मागच्या दारातून डोकावली. "पत्रावळी उचलणारी बाई आली नाही आज. तेवढ्या टोपल्यात भर."

मी पदर खोचला. भरल्या. वरणभात, बुंदीचा चुरा, चघळून टाकलेल्या शेंगा. खिडकीतून राज्यशास्त्राच्या मॅडमनी मला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

ऐंशी साल नुकतं लागलं होतं. मी एम.ए. झालेली, मालकाच्याच कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. कॉलेज मालकाचं, राइस मिल मालकाची. माझी माय, जनाबाई, त्या मिलमध्ये धान पाखडायची. आम्ही बौद्ध. छप्पन साली मायबापांनी दीक्षा घेतली तेव्हा मी कडेवर होते. पण बंगल्यावर जनीची पोरगी ती जनीचीच पोरगी.

बाप मी सहा वर्षांची असताना मिलमध्ये मेला. दारू पिऊन मशीनवर गेला, पट्ट्यात हात अडकला, असं सगळे सांगायचे. शाळेत पोरं मला दारुड्याची म्हणायची. बापाचं नाव घ्यायची मला लाज वाटायची. त्यानंतर मालकानं माझं शिक्षण केलं. फी, पुस्तकं, नागपूरचं होस्टेल. माय म्हणायची, "देवमाणूस हाय तो." मीही म्हणायची.

त्या वर्षी बी.ए.ला एक अमेरिकन कादंबरी होती. पैसेवाल्यांची. मेजवान्या, गाड्या, उंची कपडे, आणि आत सगळं सडलेलं. मी फळ्यावर लिहायची, 'भ्रमनिरास'. पोरं उतरवून घ्यायची. माझ्यासाठी ती परीक्षेची नोट होती. तो देश दूर होता.

वास्तुशांतीनंतर तिसऱ्या दिवशी वर्गात तीच कादंबरी. मालकाचा मुलगा पहिल्या बाकावर. त्यानं विचारलं, "मॅडम, इतके पैसेवाले, मंग असे काहून वागतात?"

मागून आवाज आला, "मॅडमले विचार. त्या बंगल्यावर होत्या."

"बंगल्यावर नाही बे. बंगल्याच्या मागं."

वर्ग हसला. मालकाचा मुलगाही हसला.

मी पुस्तक मिटलं. 

"हो," मी म्हटलं. "मी मागं होते. उष्ट्या पत्रावळी उचलत होते. तुमची मॅडम म्हणून बोलावलं आणि जात पाहून मागं पाठवलं."

मग सगळं सांगितलं. दार, टोपलं, खिडकी. आणि मी गप राहिले, तेही. कोणी हसलं नाही. मालकाचा मुलगा उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या खोलीत बोलावणं. मालक खुर्चीत, प्राचार्य बाजूला. मला बसा कोणी म्हटलं नाही. मालक ओरडला नाही. टाइप केलेला कागद पुढं सरकवला. मी वर्गात खोटं बोलले, त्याबद्दल माफी मागते, असं त्यात होतं.

"तुझ्या बापामागं मीच तुला शिकवलं. उद्या सही करून आण. नाही तर येऊ नको."

अड्याळला घरी जाऊन मी तो कागद मायला वाचून दाखवला. ती सूप खाली ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "मीनं बी असाच एक कागद केला होता."

"कोणता?"

"तुह्या बापाचा. तो पेलेला नव्हता, बाई. दारूले शिवत नव्हता. पट्ट्याची जाळी तुटली होती, त्यानं चारदा सांगतलं होतं. मालकानं कागद आणला. दारू पेऊन होता असं लिवलं हाय म्हणे, अंगठा दे, पोरीले मी शिकवतो. मीनं देल्ला."

 वीस वर्षं मी ज्याच्या नावाची लाज बाळगली, तो शुद्धीत मेला होता. माझी एम.ए.ची पदवी त्या अंगठ्यावर उभी होती.

"तू बी सही कर," माय रडत म्हणाली. "मीनं केलं तुह्यासाठी. तू मह्यासाठी कर."

मी तिचे पाय धरले. पण सही केली नाही.

सकाळी स्टाफ रूममध्ये सगळे असताना तो कागद मी मोठ्यानं वाचला. मग बापाचं कसं झालं ते सांगितलं. राज्यशास्त्राच्या मॅडम वह्या तपासत राहिल्या. मराठीचे सर म्हणाले, "जाऊ द्या हो, नोकरी आहे." मी कागद तसाच, बिनसहीचा, प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. दुपारी नोकरी गेली. महिनाभरात मायचंही मिलमधलं काम गेलं. ती आज दुसऱ्यांच्या बांधीत, चिखलात धानाच्या रोवण्याला जाते. माझ्याशी धड बोलत नाही. "तूनं घर बुडवलं," एवढंच म्हणते. मी तिला उलटून बोलत नाही.

आता मी बपेऱ्याकडच्या एका शाळेत शिकवते. बाया कागद घेऊन येतात. ठेकेदाराचे, सावकाराचे, मिलचे. म्हणतात, बाई, अंगठा कुठं देऊ तेवढं दाखव.

मी दाखवत नाही. आधी पूर्ण कागद वाचते, ओळीनं, मोठ्यानं. मालक समोर उभा असला तर आणखी मोठ्यानं.