बंद पडली असती तर

साळवेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते न्हावरे फाट्यावर, भर दुपारी. रस्त्याच्या कडेला पांढरी छोटी गाडी उभी. बॉनेट बंद, चारही चाकं धड. शेजारी छत्री धरून साठी उलटलेल्या एक बाई फोनवर बोलत होत्या. मी सासुरवाडीहून शिरूरला परत निघालो होतो. मोटरसायकल थांबवून विचारलं, “गाडी बंद पडली का, बाई?”

त्यांनी फोनवर हात ठेवला. “नाही. विमा घेतेय,” म्हणाल्या आणि पुन्हा फोन कानाला लावला.

मला वाटलं, बाईंना ऊन लागलंय. निघून जायला हवं होतं, पण पाय निघेना. पलीकडच्या मुलीला त्या समजावत होत्या, “नाही गं बाळ, बंद पडलेली नाही. पण पडली असती, तर इथं कोण आलं असतं तेवढं सांग. त्याचं नाव नको मला, गाव सांग. कुठून निघेल तो?” पलीकडची मुलगी कुठल्यातरी लांबच्या शहरात बसलेली. तिनं बहुधा न्हावरे कुठल्या राज्यात येतं असं विचारलं. बाईंनी शांतपणे फोन बंद केला आणि माझ्याकडे बघून निकाल सांगितला, “नापास.”

नंतर कळलं की त्या आमच्याच कॉलनीत, मागच्या गल्लीत राहतात. रूथ साळवे. शिरूरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेलं. लग्न केलं नाही. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हा केडगावच्या मिशनच्या आश्रमात दोघी बहिणी वाढल्या. थोरली एस्तेरताई. तिनंच धाकटीच्या वेण्या घातल्या, तिनंच पाढे पाठ करून घेतले. पुढं ती रेल्वेतल्या माणसाशी लग्न करून दौंडला गेली. बाई दर महिन्याला आपली गाडी काढून दौंडला जायच्या, त्याच न्हावरे-केडगाव रस्त्यानं. त्या रस्त्यावर एकदा गाडी बंद पडून त्या तीन तास उन्हात बसल्या होत्या. मदतीचा नंबर पॉलिसीवर छापलेला होता, फोनही लागला होता, फक्त माणूस आला नव्हता. तेव्हापासून विमा घेण्याआधी त्या प्रत्यक्ष जागेवर जाऊन फोन करायच्या.

‘रोडसाइड असिस्टन्स’ला त्या ‘रस्त्यावरची मदत’ म्हणत. हळूहळू आमच्या कॉलनीतल्या सगळ्या गाड्यांचे विमे त्यांच्या हाताखालून जाऊ लागले. त्यांचे प्रश्न ठरलेले. गाडी उचलून किती लांब नेणार? वर्षातून किती वेळा येणार? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा: “गाडी उचलाल हो, माणसाचं काय? त्याला पुढं जायला टॅक्सी देणार का?” एजंट लोक या प्रश्नाला चाचरायचे. बाई म्हणायच्या, “गाडीला कुठंच जायचं नसतं. जायचं असतं ते आत बसलेल्याला.”

भाव करण्याची त्यांची रीत तर बघण्यासारखी होती. पॉलिसी संपायच्या तीन आठवडे आधी त्या फोन करत. “शेवटच्या दिवशी केला की त्यांना कळतं, आता हिला दुसरीकडे जाता येत नाही.” दुसऱ्या दोन कंपन्यांचे भाव कागदावर तयार असत. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायचा आणि मटार सोलायला घ्यायचे. पलीकडून भाव यायचा. बाई गप्प. “हॅलो? मॅडम? आवाज येतोय ना?” बाई म्हणायच्या, “येतोय,” आणि पुन्हा गप्प. मी समोर बसून मटारचे दाणे तोंडात टाकत हसू दाबायचो. थोड्या वेळानं पलीकडचा माणूस आपणहून बोलायला लागायचा. मॅडम, तुमचा क्लेम नाहीये म्हणून... मॅडम, मी सरांना विचारून बघतो... आणि भाव खाली यायचा.

“जादू काय आहे यात, बाई?”

“जादू कसली! वर्गात कुणी खोटं बोललं तर मी कधी ओरडले नाही. नुसती समोर उभी राहायचे. माणसाला गप्प बसणं सोसत नाही, नितीन. आतलं असतं ते बाहेर येतं.”

पुढं मीही चारचाकी घेतली, जुनी, दुसऱ्याच्या हातून. तीन वर्षं तिचा विमा बाईंनीच ठरवून दिला. त्यात टॅक्सीचं कलमही होतं. चौथ्या वर्षी, फेब्रुवारीत, माझ्या डोक्यात वारं शिरलं. रांजणगावच्या कंपनीत मी पन्नास माणसांकडून काम करून घेतो, आणि विमा घ्यायला मला शेजारच्या बाई लागतात? जेवणाच्या सुट्टीत एकानं मोबाइलवर स्वस्त भाव काढून दाखवला. स्वस्त का, तर रस्त्यावरच्या मदतीची खूण काढून टाकली होती. तीन वर्षांत एकदाही लागली नव्हती ती. मीही काढली. फारसे पैसे वाचले असंही नाही, पण मला कोण आनंद झाला.

संध्याकाळी बाई फाटकाशी भेटल्या. “स्वतःच केलंस म्हणे! छान. मदत घेतलीस ना?”

“घेतली की बाई.”

एवढंसं खोटं. मी ते पायातल्या वहाणेसारखं काढून ठेवलं आणि विसरलो.

त्याच वर्षी बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यांनी गाडी विकली. आणि नाताळाच्या आधल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसेनात. एस्तेरताईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, वाचा गेली होती. मुलगा तिला कायमची सिकंदराबादला घेऊन चालला होता. उद्याची अडीचची रेल्वे, दौंडहून. “फोनवर तिला बोलता येत नाही रे,” बाई म्हणाल्या. “तोंडच बघायला पाहिजे. नेशील?”

मी सुट्टी टाकली. अकराला निघालो. बाईंच्या मांडीवर स्टीलचा डबा, त्यात करंज्या. आधल्या रात्री खोबरं खवून केलेल्या. “तिला आता चावत नाही म्हणतात. पण वास तरी घेईल.” एरवी पॉलिसी कुठं ठेवलीस, हवा भरलीस का, असं विचारून भंडावून सोडणाऱ्या बाई त्या दिवशी बहिणीचंच बोलत होत्या.

न्हावरे मागं पडलं. पारगाव यायच्या अलीकडे, दोन्हीकडे ऊस लागलेला, तिथं इंजिनातून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि गाडी आपोआप हळू होत थांबली. चावी फिरवली की नुसतं घरघर. मी बॉनेट उघडून उगाच आत डोकावलो. मला त्यातलं काय कळत होतं!

बाई काच खाली करून म्हणाल्या, “डोकं काढ आतून. फोन लाव. आधी टॅक्सी मागव, गाडीचं मागून बघू.” त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. पावणेबाराच वाजले होते, आणि या प्रसंगाची तयारी तर त्यांनी आयुष्यभर केली होती.

मी फोन घेऊन गाडीच्या मागं गेलो. तेव्हाच सांगायचं होतं. पण मी केडगावच्या एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, अर्ध्या तासात पोचतो. मला हायसं वाटलं. म्हटलं, टॅक्सी येतेय ना, मग कुणी पाठवली हे बाईंना कशाला कळायला पाहिजे? काचेशी येऊन मी सांगितलं, “येतेय बाई. कंपनीनं टॅक्सी पाठवलीय.”

“कुठून निघाली?”

“केडगावहून.”

“पास,” बाई म्हणाल्या आणि हसल्या.

दहा-पंधरा मिनिटांनी एक पिकअप आमच्यापाशी थांबली. मागं कांद्याच्या गोण्या, चालवणारा पन्नाशीचा, डोक्याला उपरणं. “काय झालं वो? बंद पडली व्हय?” त्यानं आत बसलेल्या बाईंना बघितलं. “मावशी, कुठं निघालाय?”

“दौंडला. रेल्वे आहे अडीचची.”

“मग चला की. चौफुल्याला सोडतो, तिथनं दौंडला गाड्याच गाड्या. म्होरं जागा हाय, बसा निवांत.”

बाईंनी हात जोडले. “देव तुमचं भलं करो, पण आमची टॅक्सी निघालीय. बोलावलेला माणूस आला आणि आपण नसलो, तर पुढच्या वेळी तो कशाला येईल?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. पुढची कितीतरी वर्षं मी ते मनात उघडून पाहिलंय. पण मी नुसता उभा होतो. “बघा बुवा,” म्हणून त्यानं गियर टाकला आणि पिकअप पारगावच्या दिशेनं गेली. उसापलीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिलो.

साडेबारा वाजले. पाऊण वाजला. टॅक्सीवाला फोन उचलेना. शेवटी उचलला तेव्हा म्हणाला, “अवो, यवतचं भाडं लागलं मधीच. सोडतो आन् येतोच.” मी रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या गाड्यांना हात करायला लागलो. उसाचे ट्रॅक्टर तेवढे जात होते, दोन-दोन ट्रॉल्या ओढत, कारखान्याकडे. बाकीच्या गाड्या थांबेनात.

मी येऊन गाडीत बसलो. बाईंनी विचारलं, “कुठपर्यंत आलाय म्हणाला?”

“येतोय.”

यावर त्या काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत, डब्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. उसाची सळसळ ऐकू येत होती. एक मिनिट गेलं असेल, पाच गेली असतील. ही कोणती शांतता आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. मटार खात खात मी तिला हसलो होतो. ठाऊक असूनही ती मला सोसली नाही.

“बाई, मी मदत घेतलेलीच नाहीये.”

“कधीपासून?”

“फेब्रुवारीपासून. तुम्हाला घेतली म्हणालो, ते खोटं होतं. आत्ता फोन केला तोही ओळखीच्या माणसाला. तो येईल असं वाटत नाही.”

बाईंनी मान हलवली. मग फळ्यावरच्या गणितात चूक कुठं झाली ते दाखवावं तशा म्हणाल्या, “हे मघाशी सांगितलं असतंस, तर मी त्या पिकअपमध्ये बसले असते.”

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी रडायला लागलो. चांगला चाळिशीचा माणूस मी, स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. बाईंनी दार उघडलं, डबा काखेत धरला आणि त्या थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. दुधाच्या टेम्पोला थांबावंच लागलं.

त्या टेम्पोनं आम्ही चौफुल्याला पोचलो तेव्हा दोन वाजायला आले होते. तिथून शेअर जीपचं वडाप मिळालं. ते भरेपर्यंत हलेना, तेव्हा उरलेल्या जागांचे पैसे मी देतो म्हणालो. पाटस गेलं. कुरकुंभचं फाटक गेलं. बाई घड्याळ बघत नव्हत्या, मी बघत होतो. “लेट असते हो ती गाडी,” मी दोनदा म्हणालो. दौंडच्या स्टेशनाचा पूल त्या ज्या वेगानं चढल्या, ते बघून माझ्याच छातीत दुखायला लागलं.

फलाटावर चहावाला स्टोव्ह पुसत होता. “सिकंदराबाद? गेली की. धा मिन्टं झाली. आज टायमात व्हती.”

बाई बाकावर बसल्या. श्वास खाली बसू दिला. मग भाच्याला फोन लावला. “पोचले रे, पण उशीर झाला. वाटेत गाडी बंद पडली.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही. “तिच्या कानाला लाव फोन.”

आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. पलीकडून बोलता येत नव्हतं, अलीकडून बोलवत नव्हतं. फोनमधून रेल्वेच्या चाकांचा आवाज येत होता, तो मला शेजारी ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, “ताई, करंज्या केल्या होत्या गं.” मग फोन बंद केला, डबा उघडला आणि एक करंजी माझ्या हातावर ठेवली. “खा. सकाळपासून उपाशी आहेस.”

जानेवारीच्या अखेरीस एस्तेरताई गेल्या.

फेब्रुवारीत, पॉलिसी संपायला तीन आठवडे असताना, बाई चष्मा आणि कागद घेऊन माझ्या घरी आल्या. वर्षभरात काही घडलंच नाही अशा. “आण तुझी पॉलिसी. पारगावच्या रस्त्यावर मी परवा जाऊन आलेय, यष्टीनं. तिथून तिघांना फोन केले. एकच पास झाला.” फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून भाव आला. बाई गप्प बसल्या. मला ते सहन होईना. “चालेल, चालेल, आहे त्या भावात द्या,” मी ओरडलोच. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि पलीकडच्या माणसाला म्हणाल्या, “द्या हो. तो म्हणतोय तसं.”

बाईंना जाऊनही आता दोन वर्षं झाली. केडगावला मिशनच्या दफनभूमीत त्यांना ठेवलं. कॉलनीतले लोक विम्याचं विचारायला आता माझ्याकडे येतात. मी त्यांच्यासाठी जागेवर जाऊन फोन करतो. किती लांब नेणार, किती वेळा येणार, माणसाला टॅक्सी देणार का, सगळं विचारतो. नापास झालेल्याला नापास म्हणतो. फक्त भाव तुमचा तुम्ही करा, असं आधीच सांगून टाकतो.

माझ्या स्वतःच्या पॉलिसीला दरवर्षी ठरवतो, यंदा गप्प बसायचं. पलीकडून भाव सांगतात. मी गप्प राहतो. “हॅलो सर? आवाज येतोय ना?” तेवढ्यात उसाची सळसळ ऐकू यायला लागते, आणि ते सांगतील त्या भावाला मी हो म्हणतो.