मकबूलभाईंचं जुनं वावडिंग

मंडईच्या मागच्या बोळात मकबूलभाईंचं काष्ठौषधींचं दुकान होतं. पुण्यातले कितीतरी वैद्य तिथूनच माल नेत. मुळी मोडायची, वास घ्यायचा, कण जिभेवर ठेवायचा, की ती कुठली आणि कधी खणलेली हे ते सांगत. कुणी खोटी मुळी आणली तर म्हणत, "ही आपण घरी न्या, चुलीला बरी आहे." माझ्याजवळ रसायनशास्त्राची डॉक्टरेट होती. मला हे सगळं गमतीचं वाटे.

१९८६ साली आमची कर्वेनगरची प्रयोगशाळा आणि बिबवेवाडीतला एक औषध कारखाना यांचा करार झाला. कच्चा माल आम्ही तपासायचा, पास केला तरच कारखान्याने घ्यायचा. जंतांच्या गोळ्यांसाठी मकबूलभाईंनी वावडिंगाची पोती पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी स्वतःच लिहिलं होतं : एक वर्ष जुनं. मी त्यांना बोलावून घेतलं.

"बाई, बाकीची औषधं ताजी घ्यावीत, पण वावडिंग आणि पिंपळी जुनीच," ते म्हणाले. "वर्षभर ठेवल्याशिवाय मी वैद्यांना देत नाही. आमच्या वडिलांपासूनची रीत आहे."

"न खपलेला माल खपवायला बरी रीत आहे!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेजारच्या टेबलावरचे लोक हसले. मकबूलभाई उठून निघून गेले.

अहवाल सोमवारी हवा होता. औषधी घटक मोजायला तीन दिवस लागले असते, म्हणून ते मी मोजलेच नाहीत. 'शिळा माल, नापास' असं लिहून सही ठोकली. आठवड्याभरात मंडईत बोभाटा झाला. ज्या वैद्यांचे वडीलही याच दुकानात येत, ते दुसरीकडे जाऊ लागले.

महिन्याभराने, उरलेला नमुना टाकण्याआधी मी तो सहज तपासला. जंतांवर काम करणारा घटक त्यात भरपूर होता, कारखान्याने नंतर घेतलेल्या ताज्या मालापेक्षाही जास्त. पुन्हा तपासला. तेच.

चार ओळींचं पत्र लिहिलं की झालं असतं. पण संशोधन आणि उद्योग यांची सांगड कशी घालावी यावर मला दिल्लीत भाषण करायचं होतं, आणि त्यात हा शिळा मालच माझं मुख्य उदाहरण होता. भाषण केलं. टाळ्या घेतल्या. आज हे लिहिताना मान वर होत नाही.

त्यानंतर मकबूलभाई दोनदा आले. "बाई, एकदा परत तपासा. माल वाईट निघाला तर दुकानावर तशी पाटी लावतो. चांगला निघाला तर तेवढं लिहून द्या."

"फाइल बंद झाली," मी म्हणाले. लाज वाटत होती, म्हणून जास्तच तुसडेपणाने म्हणाले.

निवृत्त झाल्यावर पत्र लिहिलं. तपासणीच्या नोंदींची नक्कल जोडली आणि बोळात गेले. दुकानात मकबूलभाईंची मुलगी रझिया आता प्लास्टिकच्या बादल्या विकत होती. ते मागे खुर्चीवर बसले होते. मी पत्र दिलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, मग नोंदींवर बोट ठेवलं.

"ही तारीख शहाऐंशीची आहे. म्हणजे मी आलो होतो तेव्हा आपल्याला माहीत होतं."

"हो," मी म्हणाले.

त्यांनी पत्राची नीट घडी घातली आणि ते माझ्या हातात परत दिलं.