मामांचा पडलेला ठराव

माझ्या बायकोच्या मामांइतका हरण्याची हौस असलेला लोकशाहीवादी अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात सापडायचा नाही. धानोऱ्याची शेती मुलावर सोपवून ते पदवीधरांच्या मतांवर विद्यापीठाच्या अधिसभेत निवडून गेले, आणि तेव्हापासून घरीदारी एकच वाक्य घुमू लागलं, "मन्हा विरोध लिखी ल्या!" कळण्याची भाकरी की खिचडी, यावरही ते घरातल्यांना हात वर करायला लावत. पुतणीच्या साखरपुड्यात तर "पोरले इचारं का?" म्हणत त्यांनी भरला मांडव थांबवला. पोरीनं लाजत मान हलवली, मगच अंगठी पुढे सरकली.

एकदा अधिसभेत करार आला. विद्यापीठ आणि काही कॉलेजं मिळून तोरणमाळकडच्या वनोपजावर काम करणार होती. कागदावर डोंगरातली गावं 'भागीदार' होती, समितीत मात्र तिथलं कुणीच नव्हतं. 'मंजूर, मंजूर'च्या गजरात मामा उठले. "भागीदार म्हणता, मग त्यांची खुर्ची कुठं आहे?" कुलगुरू वैतागून म्हणाले, "तुम्हीच घेऊन या त्यांना!" दुसरा कुणी टोमणा समजून खाली बसला असता; मामांनी तो आदेश मानला. घाटाच्या वळणांनी त्यांना हमखास उलट्या होतात, तरी गेले. पांढराफटक पडलेला हा पाहुणा बघून लोकांनी आधी त्यांना खाटेवर आडवं केलं, मग झाडाखाली बसून, बराच खल करून आपल्या वतीनं बोलायला गावातल्या बिजलीबाईंना निवडलं. पुढच्या अधिसभेत मामा दुपारभर भांडले आणि गावांना समितीत मताचा अधिकार मिळवूनच खाली बसले.

त्या समितीवर मामाही होते. पहिल्याच बैठकीत त्यांनी ठराव मांडला, की सगळ्या बैठका नंदुरबारलाच घ्याव्यात, सोयीचं पडतं. बिजलीबाई उठल्या. "सोय कुणाची? दर वेळी आम्हीच मजुरी बुडवून खाली यायचं? एकदा खाली, एकदा वर." मतं घेतली. मामांच्या बाजूनं एकटे मामा. संध्याकाळी ते आमच्या दारात पेढे घेऊन हजर! "जवाईबापू, मन्हा ठराव पडना! बिजलीबाईनी पाडा!" मुलगा पहिला आल्यावरही बाप इतका फुलत नाही. त्यानंतर एकाआड एक बैठकीला ते घाटभर पोट धरून, कण्हत वर जात राहिले.

मग मामांची अधिसभेची मुदत संपली. पुन्हा उभं राहण्याइतकी तब्येत उरली नव्हती. तरी वरच्या एका बैठकीच्या दिवशी त्यांनी मला गाडी काढायला लावलीच. बैठक आत, शाळेच्या खोलीत. मामा बाहेर ओट्यावर. बिजलीबाई बोलवायला आल्या, "मामा, आत येऊन बसा ना."

"मी आते सभासद नही, बाई. तसं चालत नही."

बिजलीबाईंनी चहा बाहेर आणून दिला आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळानं खोलीतले आवाज चढले. एक प्राध्यापक काहीतरी रेटत होते, बिजलीबाई त्यांना मधेच अडवत होत्या, आणखी दोघंतिघं मधे पडत होते. मी म्हणालो, "मामा, भांडण लागलं वाटतं."

मामांनी कान दिला. चेहरा उजळला. "भांडू द्या," ते म्हणाले, "आते मन्ही गरज नही."

आणि मग दरीकडे बघत ते कितीतरी वेळ कप तसाच हातात धरून बसले. चहा केव्हाच निवला होता.