चाऊ नावाचं कापड

बहारीनला पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी मी एका परक्या बाईची जिवापाड जपलेली वस्तू उसवली.

माझी भाची सायली तिथे झिंजमध्ये राहते. शुक्रवारी सुट्टी होती. ती म्हणाली, "यल्ला (चला आता) मावशी, अदलियाला जायचंय. आमच्या जपानी साहेबांच्या बायकोने चहाला बोलावलंय. पण त्यांच्याकडे चहा म्हणजे पूजेसारखा विधी असतो, तिथे गप्पा मारायच्या नाहीत हं." गप्पांशिवाय चहा हे मला नवीनच होतं.

हारुएबाईंनी आम्हाला चटईवर बसवलं. माझे गुडघे कुरकुरले. आधी खजूर, मग निळ्या नक्षीच्या जुन्या चिनी वाडग्यातून हिरवागार, कडू चहा आला. कारल्याची सवय, म्हणून निभावलं. जपानात स्वतःची उत्तम भांडी आहेत, तरी या चहात समुद्रापलीकडून आलेल्या वस्तूंना मोठा मान असतो म्हणे.

शेवटी त्यांनी शिफुकु (चहाच्या डबीची पिशवी) पाहायला पुढे ठेवली. पातळ रेशीम, बारीक पट्टे. मी चौलची, तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. कापड दिसलं की माझे हात शिवशिवतात. वीण बघायला मी ते जरा ताणलं आणि टर्रकन शिवण सुटली.

सायली पांढरीफटक पडली. हारुएबाईंनी पिशवी तळहातावर घेतली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या.

"त्यांच्या आईची आहे," सायली पुटपुटली. "तेवढीच राहिलीय."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तरी नजर शिवणीवरच होती.

"त्यांना सांग, कापड शाबूत आहे, दोरा कुजलाय. मी शिवून देते."

"मावशी, खलास (बस झालं)! आता हात नको लावूस."

"तू सांग तर खरं."

हारुएबाई बराच वेळ माझ्या सुयांनी टोचलेल्या बोटांकडे बघत राहिल्या. मग उठून सुईदोरा घेऊन आल्या. रेशमाला नवं भोक पडू नये म्हणून मी जुन्याच भोकांतून एकेक टाका घातला. तासाभराने गाठ मारली आणि पिशवी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"या कापडाला म्हणतात काय?" मी विचारलं.

सायलीने विचारून सांगितलं, "चाऊ. भारतातल्या एका जुन्या बंदराचं नाव आहे म्हणे."

"चौल?"

सायलीने फोनवर नकाशा काढून चौल दाखवलं, मग 'ही तिथलीच' म्हणत माझ्याकडे बोट केलं. हारुएबाईंनी दोन्ही हात चटईवर टेकले आणि माझ्यासमोर कपाळ टेकवून वाकल्या. उसवणारी मी, आणि नमस्कारही मलाच! माझे डोळे भरून आले. असं मोठं मन मी फार थोडं पाहिलंय.

आता घरी आलेय. चौलात रेशमाचा एकही माग उरलेला नाही. परवा खाडीवर गेले होते. ते कापड कोणी विणलं, कोणत्या गलबतातून गेलं, सांगणारं कोणी नाही. पण तो नमस्कार त्या विणकराचा होता. मी खाडीकडे तोंड करून तसंच वाकले आणि त्याचा त्याला पोचवला.