लाल ठिपक्याखालची गाठ

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. देवराज मोहल्ल्यातल्या आमच्या रंगाऱ्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि शिक्षण सगळं कन्नडमधून. मराठी घरात बोललो, लिहिली फार कमी. नोकरीत जे लिहिलं ते पंचनामे आणि जबाब. तेव्हा वाक्यं जबाबासारखी वाटली तर सांभाळून घ्या. नावं कुणाचीच घेणार नाही. ती घरं अजून म्हैसुरातच आहेत.

सेवेत प्रकरणं पुष्कळ पाहिली. बरीचशी विसरलो. हे एक मात्र मनातून उतरत नाही.

दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. आयुधपूजेला पोलीस स्टेशनच्या जीपला बांधलेली केळीची पानं वाळून लोंबत होती आणि दारात फोडलेल्या कोहळ्याचा डाग अजून गेला नव्हता. सकाळीच खबर आली की हूटगळ्ळीच्या बाजूला नव्या घरांच्या वस्तीत बिबट्या शिरलाय. बंदोबस्ताला माणसं पाठवली. बिबट्या एका रिकाम्या प्लॉटात, शेजारच्या घराच्या कंपाउंडला लागून झुडपात बसला होता. त्याला भुलीचं इंजेक्शन मारायला एक खासगी नेमबाज बोलावला होता. चाळिशीचा माणूस, कामात नाव असलेला. जुन्या म्हैसूर संस्थानच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केलेल्या मराठी घराण्यातला.

पुढचं सगळं लोकांच्या मोबाइलमध्ये आहे. शेजारच्या घराचा मालक स्वतःच्या भिंतीवर चढून, छाती अलीकडे झुकवून व्हिडिओ काढत होता. बिबट्या बरोबर त्याच्या खाली.

"अहो, उतरा खाली!" नेमबाज ओरडला.

"माझी भिंत आहे. तू तुझं काम कर. सकाळपासून नुसता मिशीला पीळ देतोयस."

गर्दी हसली. कुणीतरी शिटी मारली. नेमबाज चिडला.

"उतर, नाहीतर पहिलं इंजेक्शन तुलाच!"

नेम धरला गेला, चाप ओढला गेला, आणि इंजेक्शन भिंतीवरच्या माणसाच्या छातीत घुसलं. तो पलीकडे अंगणात कोसळला. बिबट्या उडी मारून पसार झाला. एवढ्या मोठ्या जनावरासाठी भरलेलं औषध माणसाच्या अंगात गेलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचा श्वास मंदावला आणि त्याला यंत्रावर ठेवावं लागलं.

स्टेशन डायरीत पहिली नोंद अपघाताची झाली. संध्याकाळी एक निनावी फोन आला. "सार, व्हिडिओ बघितलात का? सांगून मारलंय त्यानं." व्हिडिओ पाहिला. नंतर जखमीची बायको फिर्याद घेऊन आली. हत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवून नेमबाजाला अटक केली.

बंदूक जागेवरच जप्त झाली होती. हवालदार म्हणाला, "सार, तो बंदूक पुसून देतो, एक मिनिट द्या, म्हणून मागं लागला होता. मी हात लावू दिला नाही." ही गोष्ट त्याच्या विरोधात जाणारी होती. मीही ती तशीच धरली.

चौकशीला समोर बसवला.

"नेम धरला होता?"

"धरला होता."

"कुणावर?"

"तो माणूस कसा आहे सार?"

"मुद्दाम मारलंस?"

"मीच मारलं सार. काय पाहिजे ते लिहून घ्या."

माझा अनुभव असा, की गुन्हा केलेला माणूस एकतर फार बोलतो, नाहीतर वकील मागतो. हा दोन्ही करत नव्हता. जखमी कसा आहे, एवढंच दर थोड्या वेळानं विचारायचा. घाबरलेल्या माणसाची नजर दाराकडे जाते. याची नजर जमिनीवर होती. लाजलेल्या माणसाची असते तशी.

तोपर्यंत आम्ही कन्नडमध्ये बोलत होतो. मी मराठीत विचारलं, "जेवलास का?" त्यानं चटकन वर बघितलं.

"सार, तुम्ही आपल्यातले?"

"रंगाऱ्यांचा आहे, देवराज मोहल्ल्यातला."

तो हळू आवाजात म्हणाला, "मग एक ऐका. आमच्या अप्पांकडे जाऊ नका. सुम्ने, उगाच म्हणूनसुद्धा जाऊ नका."

त्यानं विश्वासानं सांगितलं. मी ते धागा म्हणून घेतलं. अप्पांकडे काय आहे, हा प्रश्न मला त्याच क्षणी पडला.

दुसऱ्या दिवशी आमच्या सशस्त्र दलातल्या, बंदुका दुरुस्त करणाऱ्या आर्मररला बोलावलं आणि पंचांसमोर बंदूक उघडली. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. या बंदुकीला नेम धरायची दोन साधनं होती. एक जुनं, लोखंडी. डोळ्याजवळ खाच आणि नळीच्या टोकाला उभी माशी. खाचेत माशी आणि माशीवर सावज. दुसरं नवं, वर स्क्रूनं बसवलेली छोटी काच, जिच्यात लाल ठिपका दिसतो. ठिपका सावजावर ठेवायचा आणि चाप ओढायचा, इतकं सोपं. जाणकार लोक दोन्ही ठेवतात. काच बिघडली तर लोखंड कामाला येतं. शिवाय दोन्ही नीट जुळवलेली असतील, तर खाचेतून बघताना ठिपका माशीच्या टोकावरच बसलेला दिसतो. नाही दिसला, तर कुणीतरी एक खोटं बोलतंय हे डोळ्याला तिथंच कळतं.

आर्मररनं बंदूक वाळूच्या पोत्यावर टेकवून बघितलं आणि चुकचुकला. "सार, ठिपका माशीच्या बुडाशी गेलाय. या ठिपक्यानं नेम धरला तर गोळी हातभर वर जाणार."

बिबट्याच्या हातभर वर तो माणूस होता.

काच सैल नव्हती, घट्ट होती. पण तिच्या मागच्या कडेखाली काहीतरी पिवळं चेपलेलं दिसलं. बाजारचा पिवळा आणि हळदीचा पिवळा यातला फरक आमच्या घरात लहान मुलालाही कळतो. ही हळद होती. स्क्रू काढल्यावर खाली हळदीत भिजवलेला दोरा निघाला, नळीभोवती गुंडाळलेला. त्याची गाठ काचेच्या मागच्या बाजूला दबून टणक झाली होती. त्या गाठीनं काच मागून उचलली होती.

तेव्हा मला कळलं की तो माणूस बंदूक पुसून देतो म्हणून का गयावया करत होता, आणि अप्पांचं नाव का नको होतं.

आता खरं तर माझ्याकडे दोन रस्ते होते. म्हाताऱ्याला आधी सगळं सांगून जबाब घ्यायचा, किंवा न सांगता जायचं. आधी सांगितलं असतं, तर बाप मुलाला वाचवायला बोलतोय असं सरकारी वकील म्हणाले असते. कुणीही न शिकवलेली साक्ष वजनदार असते, हे आम्हाला प्रशिक्षणातच सांगतात. मी न सांगता गेलो. बरोबर पंच, आर्मरर, व्हिडिओ काढणारा शिपाई, आणि खाली मान घातलेला मुलगा.

अप्पा सत्तरी ओलांडलेले, कडकोळच्या एका कारखान्यात आयुष्य घालवलेले. मुलाला पोलिसांबरोबर बघून चेहरा उतरला, पण मी मराठीत नमस्कार केला तसे सावरले.

"कुणाचा रे तू?"

"देवराज मोहल्ल्यातले रंगारी, त्यांचा."

"अय्यो! रंगाऱ्यांचा पोर पोलिसात? तुझ्या आजोबांनी माझ्या लग्नाचा शालू छापलाय. बस, बस. कॉफी घे."

मी कॉफी घेतली. मग म्हटलं, "अप्पा, तुमच्या घरची आयुधपूजा कशी असते, दाखवता का?"

त्यांना केवढा आनंद झाला! त्यांना वाटलं, आपल्या घराण्याची रीत सांगितली की मुलाची बाजू भक्कम होईल. आर्मररनं काच पुन्हा बसवून रिकामी बंदूक हातात दिली. त्यांनी आधी ती कपाळाला लावली.

"हे बघ. पूजा लोखंडाची. ही वरची काच नि प्लास्टिक, याला कुठं पूजा करतात? म्हणून ती काढायची." खिशातल्या पेचकसानं त्यांनी काच उतरवली आणि देवघरातला नवा दोरा नळीभोवती गुंडाळला. "मग हळदीचा दोरा. हा आपण तोडायचा नाही, आपोआप गळेपर्यंत ठेवायचा. आणि गाठ दिसता कामा नये. गाठ दिसली की शस्त्राला दृष्ट लागते. म्हणून ती काचेखाली घ्यायची."

"अप्पा, पुरे करा," मुलगा म्हणाला.

"तू गप्प बस. आयुधपूजेच्या दिवशी हा अंघोळीला गेला होता, तोवर मी सगळं करून ठेवलं. आल्यावर म्हटलं, बघ, नीट बसवलंय. म्हणाला, तुम्ही बसवलंत ना, मग बघायचं काय." स्क्रू घट्ट आवळून त्यांनी काच हलवून दाखवली. "हलतंय का? जरातरी?"

आर्मररनं डोळा लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. अप्पांनी ते टिपलं. बंदूक परत मागून घेतली.

"ठिपका दिसतोय की चांगला. काय झालं?"

मी म्हटलं, "अप्पा, माशी बघा."

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग बंदूक मांडीवर ठेवली. शिपायाचा मोबाइल चालूच होता. बंद कर, असं मी सांगितलं नाही. पुरावा अर्धवट ठेवता येत नाही.

"हे मी केलं?" ते मुलाला म्हणाले.

"माशी माझ्या डोळ्यासमोर होती अप्पा. मी बघायला पाहिजे होती. तुमचं काही नाही."

"मग गप्प का बसलास?"

"काय सांगू? आमच्या अप्पांनी पूजा केली म्हणून माणूस पडला, असं सांगू?"

अप्पा माझ्याकडे वळले. आवाज चढला नाही. "तुला ठाऊक होतं ना रे आधी? ठाऊक असून माझी कॉफी प्यायलास."

मी पंचनामा पुढे सरकवला. त्यांनी सही केली.

भिंतीवरचा माणूस आठवड्याभरात शुद्धीवर आला आणि वाचला. हत्येच्या प्रयत्नाचं कलम गळालं, निष्काळजीपणाचं राहिलं. कोर्टानं मुलाला दंड केला. त्यानं ते काम कायमचं सोडलं. वरिष्ठांनी माझ्या तपासाचं कौतुक केलं. निरपराध माणूस मोठ्या शिक्षेतून सुटला, आणि तो सुटला अप्पांच्या त्या व्हिडिओमुळेच. हे सगळं खरं आहे. तरी तो व्हिडिओ कोर्टात लावला तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच. भीती माणसाला बोलतं करते, लाज गप्प करते. भित्र्याचं तोंड उघडणं आम्हाला शिकवलेलं असतं. लाजेखाली काय दडलंय ते काढायचं, तर कुणाची तरी लाज घालवावीच लागते. ती कमी कशी घालवायची, हे कुठल्या प्रशिक्षणात नव्हतं. मलाही सुचलं नाही. एखाद्या तरुण अधिकाऱ्याला सुचावं म्हणून लिहितोय.

निवृत्तीनंतर मागच्या महिन्यात एक फोन आला.

"ओळखलंत का सार? भिंतीवरचा मी."

मी हसलो. तब्येत विचारली. म्हणाले, ठणठणीत, आता भिंतीवर काही चढत नाही. मग म्हणाले,

"ते म्हातारे माझ्याकडे यायचे, तुम्हाला माहिती आहे? दोन बस बदलून यायचे. फाटकाशी उभे राहायचे. श्वास बरा आहे का, विचारायचे आणि परत जायचे. आत या म्हटलं तर येत नव्हते. कॉफी दिली तर घेत नव्हते. मी किती वेळा म्हटलं, अज्जा, मूर्ख मी, चढलो मी. ऐकायचे, मान हलवायचे, पुन्हा यायचे. बरेच दिवस आले नाहीत म्हणून काल मीच त्यांच्या घरी गेलो."

"मग?"

"गेले, सार. दोन महिने झाले. मला वाटलं, तुम्ही त्यांच्यातले, तुम्हाला कळवलं असेल."

मला कुणीही कळवलं नव्हतं.